सत्तेचाळीसवर अडलेला तडा

टेमा बंदरातल्या ओडार्तेई गोदीत साठ टनांची एकच क्रेन आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, हरमाटानच्या कोरड्या वाऱ्याने आणलेली धूळ पुसायला वर चढलेल्या रंगाऱ्याला तिच्या खांबाच्या खालच्या जोडाशी एक रेघ दिसली. त्याने ती पुसली, पण रेघ पुसली गेली नाही. मापल्यावर ती चाळीस मिलिमीटर भरली. पोलादाला वेल्डिंगच्या कडेने तडा गेला होता.

तेवढा जोड बदलायचा तर नवा तुकडा परदेशातून यायचा होता आणि तो सप्टेंबरआधी पोचणार नव्हता. तोवर क्रेन बंद ठेवायची म्हणजे गोदीच बंद ठेवायची. विमा कंपनीचे तपासनीस क्वान्सासाहेब केप कोस्टचे. हळू बोलणारे आणि कागदावर पेन टेकवण्याआधी चष्मा दोनदा पुसणारे. ते बंदीचा कागद घेऊनच आले होते. त्यांना थांबवलं देदे आशितेईने.

देदे गोदीतली एकुलती एक संगणकावर हिशेब करणारी इंजिनिअर, वय एकोणतीस. तिने तो जोड संगणकात उभा केला होता. सगळं पोलाद हजारो बारीक त्रिकोणांत कापलेलं, तड्याच्या टोकापाशी तर मुंगीच्या पावलाएवढे त्रिकोण. क्रेनच्या नोंदवहीतून रोजची उचल घालायची, म्हणजे किती वेळा, किती टन. दर उचलीला टोक किती पुढे सरकेल ते संगणक काढायचा, टोक तेवढं सरकवायचा, आजूबाजूचे त्रिकोण नव्याने कापायचा आणि पुढची उचल घ्यायचा. या सगळ्यातून कागदावर एक चढती रेघ निघायची. त्या रेघेप्रमाणे सप्टेंबरअखेर तडा ऐंशी मिलिमीटरच्या आत राहणार होता. ऐंशीपर्यंत धोका नव्हता.

क्वान्सासाहेबांनी रेघ तीनदा पाहिली. मग म्हणाले, "ठीक आहे. दर सोमवारी तडा मोजायचा. तुमची रेघ आणि खरा तडा यांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, की क्रेन बंद. दुसरं काही ऐकणार नाही."

"मान्य," देदे म्हणाली.

पहिले आठ सोमवार सगळं सुरळीत चाललं. देदे सकाळी जोड घासून स्वच्छ करायची, लाल रंग लावून पुसायची, वर पांढरी पावडर फवारायची. तड्यात शिरलेला लाल रंग पावडरीवर पाझरला की बारीक रेघ दिसायची. तिच्या टोकाशी खूण ठोकायची आणि बाजूला तारीख लिहायची. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. पाच मार्चला सत्तेचाळीस. संगणकही सत्तेचाळीसच म्हणत होता. गोदीतले लोक त्या आलेखाला 'देदेची रेघ' म्हणू लागले होते, आणि खुद्द ओडार्तेईसाहेब, म्हणजे मालक, पाहुण्यांना तो आलेख दाखवून म्हणायचे, "हे आमच्याकडेच केलंय, बाहेरून कोणी बोलावलं नाही."

बारा मार्चला तडा सत्तेचाळीस. एकोणीसला सत्तेचाळीस. मार्च संपला तरी सत्तेचाळीस. खुणेवर खूण बसत गेली, तारखा लिहायला जागा उरली नाही. संगणकाची रेघ मात्र चढतच होती. सोळा एप्रिलला रेघ म्हणाली त्रेपन्न, तडा म्हणाला सत्तेचाळीस.

फरक सहाचा. क्वान्सासाहेबांना फोन गेला. ते म्हणाले, शुक्रवारी दहाला येतो.

गोदीत कोणालाच यातलं दुःख कळेना. जेवणाच्या सुट्टीत केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेल्या माशाभोवती बसून सगळे देदेलाच समजावत होते.

"अगं, तडा वाढत नाहीये ना? मग रडतेस कशाला?" असं म्हणणारे अता लारिया. गेली एकतीस वर्षं तेच ही क्रेन चालवत होते. डिसेंबरात निवृत्त होणार होते. वयाने मोठ्या माणसाला आमच्याकडे 'अता' म्हणतात, पण त्यांना मालकसुद्धा अता म्हणायचे.

"अता, तो का थांबला ते मला माहीत नाही," देदे म्हणाली. "का थांबला ते माहीत नाही म्हणजे पुन्हा कधी सुटेल तेही माहीत नाही. एका आठवड्यात दहा मिलिमीटर पळाला तर?"

"माझ्या बायकोचा भाऊ तीन महिने घरी आला नाही. मी कधी विचारलं नाही का ते."

सगळे हसले. देदेही हसली, पण तिचा मासा तसाच राहिला. शुक्रवारी क्रेन बंद झाली तर गोदी पाच महिने बंद. शिवाय 'आमच्याकडेच केलंय' हे वाक्य यापुढे कोणी उच्चारणार नव्हतं. पुढच्या वेळी हिशेबाला माणसं बाहेरून येणार आणि देदे त्यांना फाइली काढून देणार.

मंगळवारी सकाळी तिने आधी स्वतःचं मोजमाप संशयाखाली धरलं. भांडारात पावडरीचा नवा डबा मागायला गेली, तर आँटी फिलोमिना जरा जास्तच प्रेमाने हसली. आँटी भांडार सांभाळायची आणि गोदीतल्या बुधवारच्या प्रार्थना-मंडळाची प्रमुख होती.

"अजून सत्तेचाळीसच ना?" तिने विचारलं.

"हो. तुला काय आनंद झालाय?"

"मी बोलणार नव्हते. पण आम्ही मार्चपासून त्यासाठी प्रार्थना करतोय. दर बुधवारी. तेलसुद्धा लावतो."

देदे थबकली. "कुठे तेल लावता?"

"तिथेच. तड्यावर. ऑलिव्हचं आहे, पाद्रीबाबांनी मंत्रून दिलेलं. तसलं साधं नाही."

देदेने कपाळावर हात मारला. तड्यात तेल भरलं असेल तर लाल रंग आत शिरणार कुठून? टोक पुढे गेलं असेल आणि दिसत नसेल. ती थिनरचा डबा घेऊन धावली. आँटी मागून ओरडत होती, "अगं पुसू नकोस! मार्चपासूनचं आहे ते!"

देदेने सगळा जोड थिनरने तीन वेळा धुतला, गरम हवेने वाळवला, नव्याने रंग लावला. खाली दहा-बारा माणसं वर बघत उभी होती. पावडरीवर लाल रेघ उमटली. तिने पट्टी लावली. सत्तेचाळीस.

"किती गं?" खालून आँटीचा आवाज आला.

"सत्तेचाळीस."

"मी सांगितलं होतं!" आँटी म्हणाली, आणि त्या दिवशी भांडारातून ज्याने जे मागितलं ते त्याला सहीशिवाय मिळालं.

बुधवारी देदेने नोंदवही तपासली. उचली जास्त लिहिल्या गेल्या असतील का? तिने जहाजांच्या कागदांशी एकेक उचल ताडून पाहिली. वही चोख होती. पोलादाचा दर्जा, वाऱ्याचा जोर, उन्हाने तापणं, सगळं बदलून पाहिलं. रेघ कधी थोडी खाली यायची, कधी थोडी वर जायची, पण आठ आठवडे सरळ चढून मग एकदम आडवी व्हायला ती कशाने तयार होईना. आडवं व्हायला एकच गोष्ट लागते हे देदेला शिकताना सांगितलं होतं. त्यावर परीक्षेत तिने पानभर लिहिलंही होतं. पण ती गोष्ट आपल्या गोदीत होईल असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिने पाच मार्चनंतर एक खोटी उचल घातली. एकच, फार मोठी. सत्तर टन घातले, रेघ थोडी वाकली. नव्वद घातले, तर तडा पार डिसेंबरपर्यंत झोपला, पण झोपण्याआधी त्याने एक छोटी उडी घेतली आणि ती उडी खऱ्या मापात नव्हती. शेवटी चौऱ्याऐंशी टनांवर संगणकाची रेघ सोमवारच्या प्रत्येक खुणेवर अशी बसली, की देदेने खुर्ची मागे सरकवली.

साठ टनांच्या क्रेनने चौऱ्याऐंशी टन उचलले होते.

उचल पाच आणि बारा मार्चच्या मधली असणार. त्या आठवड्यात वहीत सगळ्यात मोठा आकडा अडतीस टनांचा होता. पण उचलीच्या मोटरवर एक तासमापक असतो आणि पहारेकरी त्याचा आकडा रोज संध्याकाळी उतरवून ठेवतो. त्या वहीकडे कोणी कधी पाहत नाही. देदेने पाहिलं. सोमवार संध्याकाळ ते मंगळवार संध्याकाळ, दोन तास. आणि मंगळवार होता सहा मार्च. आमचा स्वातंत्र्यदिन. गोदी बंद, सगळे संचलन पाहायला गेलेले.

मंगळवार. मंगळवारी आमचे कोळी समुद्रावर जात नाहीत, तो समुद्राचा विश्रांतीचा दिवस. म्हणजे गोदीला लागून असलेल्या किनाऱ्यावर त्या दिवशी शंभर-दोनशे धट्टीकट्टी माणसं रिकामी बसलेली असणार. आणि क्रेनची किल्ली एकाच माणसाकडे होती.

अता लारिया क्रेनच्या पायऱ्यांवर बसून संत्रं सोलत होते.

"अता, स्वातंत्र्यदिनाला तुम्ही काही उचललं होतं?"

"झेंडा."

"गंमत नाही. जड काही?"

"तेव्हापासून माझा रक्तदाब तेवढा वर आहे," अता म्हणाले आणि संत्र्याची फोड तिच्यापुढे धरली. "कोण काय म्हणालं?"

"कोणी नाही. तडा म्हणाला."

अतांनी फोड स्वतःच खाल्ली. "तुझ्या तड्याला सांग, दुसऱ्यांच्या चुगल्या करू नयेत."

देदेने आणखी विचारलं नाही. डिसेंबरात निवृत्त होणाऱ्या माणसाला चार लोकांदेखत पकडून द्यायचं तिच्या जिवावर आलं. तिने ठरवलं, आकडा सांगायचा, नाव सांगायचं नाही.

शुक्रवारी दहाला क्वान्सासाहेब आले. ओडार्तेईसाहेबांच्या खोलीत ते, मालक, देदे, आणि क्रेनचा चालक म्हणून अता, असे चौघे बसले. बंदीचा कागद टेबलावर होता. देदेने नवी रेघ मांडली आणि सांगितलं, सहा मार्चला या क्रेनने एकदा फार मोठा भार उचलला आहे, त्यामुळे तडा थांबला आहे.

"मोठ्या भाराने तडा फाटेल," मालक म्हणाले. "थांबेल कसा?"

"साहेब, ट्रोट्रो गाडीच्या बाकावर चौघं दाटीने बसलेत असं समजा. मधल्याने फुगून जागा वाढवून घेतली. आता तो फुगलेलाच राहिला, पण बाजूचे मूळ जागेवर यायला बघतात. मग काय होतं?"

"त्याला दोन्हीकडून चेंगरतात."

"तसंच. तड्याच्या टोकापाशी पोलाद इतकं ताणलं गेलं की ते ताणलेलंच राहिलं. भार उतरला, आजूबाजूचं पोलाद मूळ जागी आलं आणि त्याने टोकाला चेंगरून धरलंय. रोजच्या उचलीने टोकाचं तोंड उघडतच नाही. म्हणून तो केसभर सरकत असेल, पण पट्टीवर दिसत नाही."

मालकांचा चेहरा उजळला. "असं? मग आणखी एकदा ओढू या की! दर सहा महिन्यांनी एकदा. सप्टेंबरचा तुकडा मागवायचाच कशाला?"

"साहेब, त्या दिवशी दहा-पंधरा टन आणखी असते, तर आज आपण या खोलीत बसलो नसतो. क्रेन या खोलीत बसली असती."

मालक पाणी प्यायले.

क्वान्सासाहेबांनी चष्मा एकदा पुसला. "वहीत अशी उचल नाही. तुमची रेघ चुकली म्हणून तुम्ही तिला बसेल अशी उचल शोधून काढलीत, असं मी का म्हणू नये?" त्यांनी चष्मा दुसऱ्यांदा पुसला आणि पेन काढलं. "किती टन म्हणालात?"

"चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी?" अता उभेच राहिले. "चौऱ्याऐंशी? काहीतरी काय बोलतेस, पोरी! पन्नासच्या वर एक किलो नव्हतं. एकतीस वर्षं झाली, दोरावर लटकलेली वस्तू मी नुसती बघून सांगतो. माझा आकडा दोन टनांनी कधी चुकला नाही. चौऱ्याऐंशी म्हणे!"

अतांना आपण काय बोललो ते खाली बसल्यावर समजलं.

"काय पन्नास टन होतं, अता?" ओडार्तेईसाहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. कोळ्यांची मोठी लाकडी बोट, नाव 'अजून जिवंत', फेब्रुवारीच्या वादळात गोदीच्या तोंडाशीच बुडाली होती. बावीस घरं तिच्यावर जगत होती. कोळ्यांचे प्रमुख नुमो सोवा स्वतः अतांकडे आले. सुट्टीचा दिवस, त्यात मंगळवार, दोर धरायला सगळा किनारा हजर. अतांनी बोट वर घेतली, छिद्रांतून पाणी धो धो वाहून जाऊ दिलं, ती रिकामी झाल्यावर मग वाळूवर नेऊन ठेवली.

"आणि साठच्या वर गेलं की क्रेन आपोआप बंद पडते, त्याचं काय केलंत?" क्वान्सासाहेबांनी विचारलं.

"ते यंत्र बंद करायची किल्ली फिरवून ठेवली होती," अता म्हणाले. "ते बिघडलेलं आहे. उगाच ओरडत होतं."

"उगाच," क्वान्सासाहेब म्हणाले. त्यांनी बंदीचा कागद देदेसमोर उलटा करून ठेवला. "यावर तुमचा आकडा लिहा आणि सही करा. अता, तुम्हीही. आपण बोट मोजायला जाऊ. पन्नास निघाले तर तुमच्या हिशेबाला आधार नाही, बाई, आणि ही क्रेन आजच थांबेल."

देदेने चौऱ्याऐंशी लिहिलं. अतांनी पन्नास लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

किनाऱ्यावर 'अजून जिवंत' ओंडक्यांवर उभी होती, अर्धी रंगवलेली. नुमो सोवा जाळ्यांच्या ढिगावर बसले होते. तपासनीस, मालक आणि अता एकत्र येताना पाहून ते शेजारच्याला म्हणाले, "कळलं वाटतं यांना." गोदीतल्या दोनशे माणसांपैकी फक्त ऑफिसातल्या अकरा जणांनाच ही गोष्ट ठाऊक नव्हती, हे तेव्हा उघड झालं. आँटी फिलोमिनाने तर त्या दिवशी दोर ओढणाऱ्यांना वाके, म्हणजे चवळीचा भात, वाढला होता.

"नुमो, बोट किती वजनाची?" क्वान्सासाहेबांनी विचारलं.

"बांधणाऱ्याने इंजिनासकट चोवीस टन सांगितली होती."

"बघा!" अता म्हणाले. "चोवीस. आणि भिजलेलं लाकूड, जाळी, थोडं पाणी. पन्नास मी सढळ हाताने सांगितले."

"आणि आतली वाळू?" नुमो म्हणाले.

"कसली वाळू?"

"खालच्या कप्प्यातली. फळ्यांखाली सगळी वाळू भरली होती. तीन आठवडे बुडालेली होती ना. आम्हाला उपसायला चार दिवस लागले. तुला नाही दिसली का रे, लारिया?"

अतांनी वर क्रेनच्या केबिनकडे पाहिलं. वरून फळ्या दिसतात, फळ्यांखालचं दिसत नाही.

क्वान्सासाहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि बोटीत उतरले. आतल्या फळ्यांवर वाळू जिथवर साचली होती तिथवर एक काळपट पट्टा उमटलेला होता. त्यांनी टेपचं एक टोक देदेला दिलं नाही, नुमोंना दिलं. लांबी, रुंदी, खोली, पुढे निमुळतं होत जाणारं नाळेचं टोक, सगळं वहीत उतरवलं. कोळी कडेने रांग करून पाहत होते. देदे खाली वाळूत उभी होती आणि तिच्या हातातलं पेनाचं टोपण चावून चपटं झालं होतं.

अर्ध्या तासाने साहेबांनी बोटीच्या काठावर बसून गुणाकार केला. परत केला.

"एकतीस घनमीटर. ओली वाळू, घनमीटरला एक पूर्णांक नऊ टन. एकोणसाठ. अधिक चोवीस." त्यांनी वर पाहिलं. "त्र्याऐंशी."

कोळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग देदेकडे, आणि मग एकच गिल्ला केला. बोट न पाहता, वाळू न पाहता, गोदीतल्या एका तड्यावरून या मुलीने बोटीचं वजन सांगितलं होतं. नुमो सोवांनी तिला जवळ बोलावून विचारलं, समुद्रात मासे कुठे आहेत हे त्या संगणकातून दिसतं का?

अता बोटीच्या सावलीत एकटे उभे होते. ओडार्तेईसाहेबांनी त्यांना तिथेच सांगितलं की क्रेनची किल्ली आता ऑफिसात राहील, दोन महिने केबिनमध्ये चढायचं नाही, आणि निवृत्तीच्या कागदांवर याची नोंद होईल. अतांनी मान डोलावली. मग देदे जवळ आली तेव्हा म्हणाले, "तेहतीस टनांनी चुकलो गं मी. तेहतीस!"

क्वान्सासाहेबांनी तरी परवानगी लगेच दिली नाही. खोलीत परत येऊन त्यांनी देदेला विचारलं, "झोपलाय म्हणता. उठणार कधी?"

"रोजची उचल अशीच राहिली तर अकरा जून ते दोन जुलैच्या दरम्यान. त्यानंतर आधीच्याच वेगाने चालेल. सप्टेंबरपर्यंत साठसुद्धा गाठणार नाही."

"लिहून द्या. तोवर क्रेन चालेल, पंचेचाळीस टनांच्या वर नाही. तडा अकरा जूनच्या आधी हलला तर बंद. दोन जुलैपर्यंत हलला नाही तरी बंद."

"हलला नाही तरी?" मालक म्हणाले.

"बाईंना तड्याबद्दल काय कळतं, ते मला पाहायचंय," क्वान्सासाहेब म्हणाले.

मोजमापाचं काम दोन महिन्यांपुरतं अतांकडे आलं. दर सोमवारी ते चष्मा लावून, लाल रंगाने बोटं माखून जोडाशी बसायचे. नंतर केबिन परत मिळाली तरी त्यांनी ते काम सोडलं नाही. मे महिना सत्तेचाळीसवर गेला, ते अपेक्षितच होतं. अकरा जून उजाडला आणि गोदीची चाल बदलली. सकाळी साडेसातला क्रेनखाली माणसं जमू लागली. अकराला सत्तेचाळीस. अठराला सत्तेचाळीस. आँटी फिलोमिना वैतागली.

"देदे, एकदा नीट सांग बाई. मंडळाने आता मागायचं तरी काय? थांब म्हणायचं की हल म्हणायचं?"

"हल म्हणा."

"देवाला वाटेल आमचं डोकं फिरलंय."

पंचवीस जूनला पाऊस धो धो होता. वर ताडपत्री धरून अतांनी मोजलं. सत्तेचाळीस. खालची माणसं छत्र्या सावरत पांगली. देदेने त्या आठवड्यात हिशेब चार वेळा नव्याने केला. पावसाने दोन दिवस उचल बंद राहिली होती, तेवढाच उशीर. बाकी सगळं तेच. तिला आता आकडे पाठ होते आणि त्यांच्यामुळे झोप येत नव्हती.

दोन जुलैला क्वान्सासाहेब सातलाच येऊन उभे होते, हातात तोच कागद. त्या आठवड्यात गोदीत एक कोरियन मासेमारी जहाज दुरुस्तीला होतं. जहाज पुढे ढकलणारा त्याचा बारा टनांचा पंखा उतरवून बाजूला ठेवला होता आणि तो आठ वाजता क्रेनने परत चढवायचा होता. जहाजाचा कप्तान पंख्याला टेकून चहा पीत होता.

अतांनी जोड घासला. रंग लावला, पुसला, पावडर फवारली. मग थांबले. लाल रंग पाझरायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं दोनशे माणसं वर बघत होती.

अतांनी पट्टी लावली. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. खाली वाकून पाहिलं.

"अता, बोला!" देदे ओरडली.

"थांब गं. यावेळी नुसतं बघून सांगणार नाही." त्यांनी पट्टी काढून पुन्हा लावली. मग उभे राहिले. "अठ्ठेचाळीस! आणि वर अर्धा!"

सगळी गोदी ओरडली. कोणी टोप्या उडवल्या, कोणी पत्र्यावर हातोडे वाजवले, आँटी फिलोमिनाने रुमाल फिरवत फेर धरला आणि तिच्या मागे प्रार्थना-मंडळाची रांग लागली. ओडार्तेईसाहेबांनी देदेचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. क्वान्सासाहेबांनी स्वतः शिडीवर चढून पट्टी लावली, खाली उतरले, कागदावर सप्टेंबरपर्यंतची परवानगी लिहिली आणि चष्मा न पुसताच सही केली.

कोरियन कप्तान हसऱ्या चेहऱ्याने हे बघत होता. त्याने जवळून नाचत जाणाऱ्या मालकांना थांबवून विचारलं, आज कसला सण आहे?

"सण नाही," ओडार्तेईसाहेब त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "आमच्या क्रेनचा तडा वाढला!"

कप्तानाने क्रेनकडे वर पाहिलं. मग तिच्या हुकाखाली ठेवलेल्या आपल्या पंख्याकडे पाहिलं. चहाचा कप तिथेच ठेवला आणि पंखा या क्रेनने उचलायचा की नाही हे विचारायला तो भराभर चालत, मालकांनी मघाशी जिचे हात हलवले त्या देदेला शोधायला गेला.